सनद मिळण्याआधीची वकिली

कायद्याचा अभ्यास कधी सुरू होतो, याबद्दल बार कौन्सिलचा एक गोड गैरसमज आहे. कौन्सिलला वाटतं, तो प्रवेश मिळाल्यावर सुरू होतो. महाराष्ट्रात ज्या घरात लॉ सीईटीला बसलेलं पोर आहे, त्या घरात विचारून पाहा. तो सुरू होतो आदल्या वर्षी, सेतू केंद्राच्या रांगेत. प्रवेश मिळेपर्यंत निम्मा अभ्यासक्रम झालेला असतो. पुढची तीन किंवा पाच वर्षं ही केवळ उजळणी.

सुरुवात नावापासून होते. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव एक, आधार कार्डावर दुसरं, आणि या दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र. आता 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी जाहीर केलं की जात, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रिमिलेअर असल्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरचं पाचशे रुपयांचं मुद्रांक शुल्क माफ. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. आमच्या शेजारच्या वहिनी कात्रण घेऊन तहसीलबाहेरच्या टायपिस्टकडे गेल्या. तो भला माणूस. म्हणाला, "माफ आहे ना ताई, मीसुद्धा वाचलंय. पण आत खिडकीवर स्टॅम्प पेपर मागितला, तर पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल तुम्हाला. पाचशेच तर आहेत, घेऊनच जा." शेजारी उभा असलेला त्यांचा बारावीतला मुलगा त्या अर्ध्या मिनिटात विधिशास्त्र शिकला. कायदा पुस्तकात कसा असतो आणि खिडकीवर कसा असतो, यावर विद्यापीठात एक पूर्ण पेपर असतो म्हणे. त्याचा झाला.

मग पुराव्याचा कायदा. इतर मागासवर्गाची जात पडताळणी करायची, तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीची नोंद लागते. अनुसूचित जातींना त्याहून मागे, 10 ऑगस्ट 1950 पर्यंत जावं लागतं. म्हणजे मुलाने न्यायालयाची पायरी चढण्याआधी आजोबांच्या गावच्या शाळेची पायरी चढायची. तिथल्या रजिस्टरला वाळवी लागलेली असते. वाळवीतून वाचलेलं पान मोडीत असतं. मोडी वाचणारा जिल्ह्याच्या ठिकाणी असतो आणि त्याच्याकडे आधीच शंभर रजिस्टरं पडलेली असतात. एवढं करून कागद हाती आला, की त्यात आजोबांचं आडनावच नसतं, कारण तेव्हा ते कुणी लिहीत नसे. दुय्यम पुरावा, तज्ज्ञाची साक्ष, जुना दस्तऐवज ही सगळी प्रकरणं पोरगं स्वखर्चाने, एस.टी.ने प्रवास करून शिकतं. भारतीय साक्ष अधिनियमावर त्याला कोणी काय सांगायचं?

या सगळ्याच्या मधल्या सुट्टीत एक परीक्षाही असते.

परीक्षा म्हणजे एक नाही. राज्य सीईटी कक्षाची वेगळी, ती 2016 पासून. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट वेगळी, ती 2008 पासून. दिल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ क्लॅटमध्ये येत नाही, त्याची आयलेट. सिंबायोसिसची स्लॅट. देशात कायदा एक असावा की अनेक, यावर टीव्हीवर वर्षभर घसे बसतात. कायद्याच्या प्रवेश परीक्षा एक असाव्यात की अनेक, यावर मात्र संपूर्ण शांतता आहे, कारण प्रत्येकीचं शुल्क वेगळं आहे. एकट्या क्लॅटच्या अर्जाचे खुल्या गटाला चार हजार. सवलत? आहे ना. अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना फक्त साडेतीन हजार. दारिद्र्यरेषा नेमकी कुठून जाते ते या पाचशे रुपयांवरून कळावं.

दोन मुख्य परीक्षांचं तत्त्वज्ञानही पाहण्यासारखं आहे. राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अर्थात माहीत असो-नसो, बोलायचंच. क्लॅटमध्ये चुकीला पाव गुण जातो. तिथे माहीत नसेल तर गप्प बसणाऱ्याचा फायदा. पहिल्या परीक्षेतून रात्री नऊच्या चर्चेतले तज्ज्ञ निघतात, दुसरीतून मोठ्या लॉ फर्ममधले, जे प्रत्येक प्रश्नावर "तपासून सांगतो" म्हणतात आणि तपासण्याचं बिल तासावर लावतात. राज्याची परीक्षा मराठीतूनही देता येते. क्लॅट इंग्रजीतच. आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टाची भाषा मराठी आहे, तिथला पक्षकार मराठी, साक्षीदार मराठी आणि त्याची खोटी साक्षही अस्सल मराठी. पण तिथे वकिली करायला राष्ट्रीय विद्यापीठातून कोण येणार, असा रास्त विचार परीक्षा घेणाऱ्यांनी केलेला दिसतो.

बरं, क्लॅटमध्ये काय विचारतात? कायदा सोडून सगळं. इंग्रजी, चालू घडामोडी, तर्क, थोडं गणित. कायद्याचाही एक विभाग असतो, पण त्यासाठी कायद्याचं पूर्वज्ञान लागत नाही, असं क्लॅटवाले आवर्जून सांगतात. जुन्या पद्धतीत तर एक तत्त्व द्यायचे, खाली प्रसंग द्यायचे, आणि तत्त्व जसं दिलंय तसंच लावा, खरा कायदा काय म्हणतो याच्याशी तुमचं देणंघेणं नाही, अशी ताकीद असायची. ज्याला खरा कायदा माहीत, तो अडखळायचा. ज्याला काहीच माहीत नाही, तो सुटायचा. 2020 पासून त्याऐवजी लांबलचक उतारे आले. आता एकशेवीस मिनिटांत एकशेवीस प्रश्न आणि त्यांच्या डोक्यावर उतारे. म्हणजे वाचायचं, समजायचं, विचार करायचा आणि उत्तर द्यायचं, हे सगळं मिनिटभरात. पुढे याच मुलांतून न्यायाधीश होतील, आणि निकाल राखून ठेवून वर्षभर विचार करतील. त्यांचा काय दोष? तरुणपणी विचार करायची हौस राहून गेलेली असते.

गाइडवाल्यांची अवस्था मात्र खरोखर वाईट. 1 जुलै 2024 ला भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. खून 302 वरून 103 वर गेला, फसवणूक 420 वरून 318 वर, आणि तेव्हाच बदललेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जमावबंदीचं 144 हे 163 झालं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एका रात्रीत जुन्या पुस्तकांची रद्दी झाली. थोरल्या भावाचं गाइड धाकट्याला द्यायची मध्यमवर्गीय परंपरा तिथे खंडित झाली. मराठी माणसाने तीन पिढ्या पाठ केलेला एकच कायदा होता, सिनेमातला, आणि तोही सरकारने बदलला.

गाइड गेलं तरी क्लास आहेच. वर्षाला लाखभर रुपये, मॉक टेस्ट वेगळ्या. कायद्याच्या क्लासला नाक मुरडणाऱ्यांनी इतिहास वाचावा. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून 1890 मध्ये बाहेर पडल्यावर लोकमान्य टिळकांनी पोटापाण्यासाठी काय केलं? हायकोर्ट आणि डिस्ट्रिक्ट प्लीडरच्या परीक्षांना बसणाऱ्यांसाठी लॉ क्लास काढला. मुंबई इलाख्यातला तो या प्रकारचा पहिला क्लास मानला जातो. म्हणजे आपल्या कोचिंग उद्योगाचं मूळपीठ थेट असंतोषाच्या जनकापर्यंत जातं. फरक इतकाच की तेव्हा क्लास चालवणाऱ्याच्या मनात असंतोष होता, आता फी भरणाऱ्याच्या मनात असतो. आणि टिळकांनी चौकात आपल्या फोटोशेजारी पहिल्या दहा विद्यार्थ्यांचे फोटो लावल्याचं निदान माझ्या वाचनात नाही.

परीक्षा झाली की उत्तरतालिका येते, आणि इथून दिवाणी प्रक्रिया संहिता सुरू. उत्तर चुकीचं वाटलं तर हरकत घ्या. एका हरकतीला हजार रुपये. न्याय मागायला आधी कोर्ट फी लागते, हे तत्त्व सतरा वर्षांच्या मुलाला याहून सोप्या रीतीने कसं शिकवणार? हरकत फेटाळली गेली तर उच्च न्यायालय आहेच. यात अतिशयोक्ती नाही. 1 डिसेंबर 2024 ला झालेल्या क्लॅटच्या उत्तरांवरून पोरं उच्च न्यायालयांत गेली. दिल्लीत दोन उत्तरं चुकीची ठरली. ठिकठिकाणच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला एकत्र पाठवल्या, तिथला निकाल एप्रिलमध्ये, त्यावर पुन्हा सर्वोच्च न्यायालय, आणि मे 2025 मध्ये शेवटचा शब्द. प्रश्न किती निष्काळजीपणे काढले जातात, याबद्दल न्यायालयाने खेदही व्यक्त केला. खेद कशाचा? याला म्हणतात प्रात्यक्षिक. मेडिकलच्या मुलाला प्रवेशाआधी ऑपरेशन करायला मिळत नाही, आपल्या मुलांना प्रवेशाआधी सर्वोच्च न्यायालय मिळतं.

त्याहून सुरस कथा 2020 सालची आहे. करोनामुळे क्लॅट लांबली, तेव्हा बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने, म्हणजे या सगळ्या विद्यापीठांमधल्या थोरल्या पातीने, स्वतःची वेगळी परीक्षा जाहीर केली. ती घरबसल्या, ऑनलाइन. 12 सप्टेंबरला परीक्षा झाली आणि 21 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली. प्रवेश क्लॅटमधूनच द्या म्हणून सांगितलं. देशाला कायदा शिकवणाऱ्या सर्वांत नामवंत संस्थेची कायद्याची प्रवेश परीक्षाच कायद्यात बसली नाही. त्या वर्षीच्या मुलांना घटनात्मक कायद्याचं पुस्तक वेगळं घ्यावं लागलं नसेल.

राज्यात असं वेगवान काही घडत नाही. आपल्याकडे कॅप असते. कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. त्यात आधी नोंदणी, मग कागदपत्रांची ऑनलाइन छाननी, मग तात्पुरती गुणवत्ता यादी, तिच्यावर हरकती, अंतिम गुणवत्ता यादी, पसंतीक्रम, एकामागून एक फेऱ्या आणि संस्थास्तरावरची फेरी. प्रत्येक टप्प्याला मुदत असते, प्रत्येक मुदतीला मुदतवाढ असते, आणि मुदतवाढीनंतर 'सुधारित वेळापत्रक' येतं. इंजिनिअरिंगला गेलेला शाळेतला मित्र पहिली सत्र परीक्षा देत असतो तेव्हा आपलं पोर अजून 'अर्जात त्रुटी' हा शेरा काढून टाकायच्या मागे असतं. त्रुटी काय? फोटो अस्पष्ट. हे अंतरिम आदेश आणि अंतिम आदेश यांतला भेद शिकवणं आहे. तारीख पडली म्हणून चिडायचं नाही, पुढची तारीख घेऊन घरी यायचं, जेवायचं, झोपायचं. पक्षकाराला तीस वर्षं हेच समजवायचं आहे.

इतकं असूनही गर्दी ओसरत नाही, त्याचं कारण वय. बार कौन्सिलने कमाल वयाची अट घातली होती, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीस आणि पाच वर्षांच्याला वीस. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तिला स्थगिती दिली. तेव्हापासून तीन वर्षांच्या सीईटीच्या केंद्रावर एकदा जाऊन पाहावं. एमपीएससीत वय संपत आलेला, निवृत्त मंडल अधिकारी, बायकोने घटस्फोटाची नोटीस पाठवलेला, भावाशी बांधावरून वाद असलेला, आणि सोसायटीच्या कमिटीला धडा शिकवायला निघालेले काका, सगळे एका बाकावर. यातल्या किमान तिघांना सनद नको आहे, फक्त समोरच्या वकिलाची फी वाचवायची आहे. काकांना मी विचारलं, "या वयात कशाला हो?" काका म्हणाले, "अरे, पार्किंगची केस बारा वर्षं चालली आहे. डिग्री तीनच वर्षांची. हिशेब कर."

प्रवेश मिळाला तरी छाननी थांबत नाही. बार कौन्सिलने 2024 मध्ये परिपत्रक काढलं: विद्यार्थ्याने आपल्यावर गुन्हा दाखल आहे का, नोकरी चालू आहे का, एकाच वेळी दुसरी पदवी घेतो आहे का, हे सगळं लिहून द्यायचं. शिवाय बायोमेट्रिक हजेरी आणि वर्गात कॅमेरे. कायदा शिकायचा तर चारित्र्य स्वच्छ हवं. कायदा करायचा असेल तर विधानसभेत वेगळे निकष आहेत. आणि शेवटी पदवी हातात आली की अखिल भारतीय बार परीक्षा, शंभर प्रश्नांची. तिथे मात्र भाष्य नसलेली कायद्याची पुस्तकं सोबत न्यायला परवानगी आहे. म्हणजे कायदा येत नव्हता तेव्हा पाठ करून लिहायचं, आणि येऊ लागल्यावर बघून. या क्रमामागे काही खोल विचार असणार, कारण वरवर तरी तो दिसत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी कायद्याला जाऊ म्हणणारं मूल आहे, त्यांना विनंती: ते अकरावीत असतानाच जात पडताळणीचा अर्ज महाविद्यालयामार्फत करून टाका. नॉन-क्रिमिलेअर कोणत्या 31 मार्चपर्यंत चालतंय ते आज रात्रीच कपाट उघडून बघा. आणि कुठलीही खिडकी असो, पोचपावतीवर तारखेसह शिक्का मारून घेतल्याशिवाय तिच्यासमोरून हलू नका.