सुपारीचे वॉट, चौकीचे वॉट

लग्नाची सुपारी घेताना साउंडवाला म्हणतो, “मामा, पन्नास हजार वॉट लावतो. वरातीत छाती हलली नाही तर राहिलेले पैसे देऊ नका.” रात्री साडेदहाला पोलिसांची गाडी येऊन थांबते तेव्हा हाच माणूस त्याच पिकअपला टेकून म्हणतो, “साहेब, छोटाच संच आहे. पाहुण्यांपुरता आवाज आहे.” मधल्या वेळात पन्नास हजार वॉट कुठं गेले, हे बीड जिल्ह्यात केजपासून आष्टीपर्यंत कुणी कुणाला विचारत नाही. नवरदेवाच्या बापाला मोठा आकडा हवा असतो, फौजदाराला लहान. दोघांनाही हवा तो मिळतो. (पाहुणे तीन गावांचे असतात, तेव्हा साउंडवाला अगदीच खोटं बोलतो असंही नाही.)

कायद्याचा आकडा मात्र दोघांना एकच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. ५५ डेसिबल म्हणजे ओसरीवर दोघं निवांत बोलत बसले तर होईल जेमतेम तेवढा आवाज. छाती हलवायचा शब्द आणि हा आकडा एकाच वरातीत पाळून दाखवणारा अ‍ॅम्प्लिफायर अजून निघायचा आहे.

पण एकट्या साउंडवाल्यावर डाफरण्यात अर्थ नाही. तोही कुणाचं तरी गिऱ्हाईकच आहे. कर्ज काढून पिकअप भरलेली, हप्ते चालू, शेजारच्या गावातल्या पोरानं दोन बेस वाढवले म्हणून यानं चार वाढवलेले. मागं जो अ‍ॅम्प ठेवलाय त्यावर परदेशी कंपनीचं नाव एक अक्षर इकडचं तिकडं करून छापलेलं, आणि किती वॉटचा ते विकणाऱ्यानं याच्या तोंडाकडं बघून सांगितलेलं. यानं तो आकडा विकत घेतला, त्यावर आपला नफा चढवला आणि तुम्हाला विकला. नोटाबंदीतही या आकड्याचं मोल कमी झालं नाही.

दिवाळीच्या तोंडावर बीडच्या सुभाष रोडवर चक्कर मारा. निळे-जांभळे दिवे लुकलुकणारा, काखेत मावेल एवढा खोका. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘१०,००० वॉट’ आणि खाली मुंगीच्या पावलाएवढं ‘पीएमपीओ’. ही पीएमपीओ नावाची चीज मोठी सोयीची. ती मोजायची कशी, याची सगळ्यांनी मान्य केलेली रीतच नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत, स्पीकर जळायच्या आधी, कागदावर जास्तीत जास्त किती निघू शकेल असं विकणाऱ्याला वाटतं, तो पीएमपीओ. सतत किती निघतो ते सांगणारा आकडा वेगळा असतो, त्याला आरएमएस म्हणतात आणि तो खोक्यावर शोधायला भिंग लागतं. भिंग नसेल तर खोक्याची पिन बघा. साधी सहा अँपिअरची. घरातली वीज २३० व्होल्टची. गुणाकार चौथीतल्या पोराला करायला लावा, १,३८० येतात. त्या भोकातून जेमतेम चौदाशे वॉट आत जाणार आणि खोक्यातून दहा हजार बाहेर पडणार! असं यंत्र खरंच निघालं असतं तर महावितरणनं ते आधी स्वतःसाठी घेतलं असतं.

परळीच्या औष्णिक केंद्रातला अडीचशे मेगावॅटचा एक संच स्टिकरवरच्या हिशेबानं असे पंचवीस हजार खोके चालवून आडवा होईल. २०१३ साली पाणी आटलं म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. स्टिकर खरे असते तर पाण्यापर्यंत गोष्ट गेलीच नसती.

आणि समजा, वॉट खरेच दुप्पट केले. कानाला काय मिळतं? तीन डेसिबल. ‘थोडा वाढला वाटतं’ एवढंच. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला वॉट दहापट लागतात. हे दुकानात कुणी सांगत नाही, कारण मग शंभर वॉटवाला दोनशे वॉटचा खोका घ्यायला येणारच नाही.

अमेरिकेतही हेच झालं होतं. तिथल्या कंपन्यांनी वॉटचे आकडे इतके फुगवले की १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनला घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची ताकद कशी मोजायची आणि जाहिरातीत कशी सांगायची याचा नियमच करावा लागला. तो २०२४ मध्ये पुन्हा कडक करावा लागला. पहिल्या नियमाआधीच माणूस चंद्रावर जाऊन आला होता, पण वॉट खरे सांगायला अजून शिकतोय.

आता वरच्या मजल्यावर जाऊ. तिथं वॉटचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात. तिथले शौकीन म्हणजे पुण्या-मुंबईतून लाखांची यंत्रं आणणारे, सोफा खोलीच्या मधोमध ठेवणारे आणि घरच्यांना गाणं चालू असताना कुकर लावू न देणारे. इथं विकणारा आकडा सांगतच नाही. तो म्हणतो, “आवाजात हवा आली बघा.” “पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतंय ना?” “जरा उबदार झालाय.” दहा हजार वॉटवाल्याला निदान गुणाकार करून पकडता येतं. उबदारपणाला कुठला मीटर लावणार?

या मजल्यावरची माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे भिंतीतल्या प्लगपासून अ‍ॅम्पपर्यंत वीज नेणारी महागडी केबल. दीड मीटर, किंमत एका बऱ्या म्हशीएवढी. विकणारा सांगतो, या तारेतून वीज ‘शुद्ध’ होऊन येते. आता ती वीज आली कुठून ते पाहू. परळीहून निघाली, मनोऱ्यांवरून आली, उपकेंद्रात उतरली, मग गावाबाहेरच्या डीपीत, जिथं फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा पिळून बसवलाय. तिथून बाभळीच्या फांदीला घासत, दोन आकडे अंगावर झेलत, अ‍ॅल्युमिनियमच्या लोंबत्या तारेवरून तुमच्या मीटरपर्यंत. एवढा संसार करून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये गंगास्नान करून पवित्र होते म्हणे. बरं, केबल लावल्यावर फरक ऐकू येतो का? येतो! पैसे दिलेल्या माणसाला येतोच.

महाग असेल ते सगळं लबाडी, असं मी म्हणत नाही. चार हजारांचा स्पीकर आणि चाळीस हजारांचा स्पीकर यांतला फरक बहुतेकांना ऐकू येतो. खोलीचा फरक त्याहून मोठा. उघड्या फरशीच्या, सिमेंटच्या खोलीत लाखाचा स्पीकरही टाकीत ओरडल्यासारखा घुमतो. खाली जाड सतरंजी घाला, मागच्या भिंतीला दोन गोधड्या लटकवा, तोच स्पीकर शहाणा होतो. पण हे सांगणारा विक्रेता विरळा, कारण सतरंजीत कमिशन नाही.

या शौकीन मंडळींच्या कानांची जगजाहीर परीक्षा २०२२ साली झाली, तीही कुणी न घेता. कॅलिफोर्नियातली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी जुन्या गाण्यांच्या तबकड्या मूळ टेपवरून काढून विकायची. सव्वाशे डॉलरपर्यंत एकेक. घेणाऱ्यांची श्रद्धा अशी की मधे कुठंही डिजिटलचा विटाळ नाही. डिजिटल म्हणजे थंड, मेलेला आवाज, आणि तो आपल्याला दोन सेकंदांत ओळखू येतो. मग कंपनीनं मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या चाळीस हजार प्रती काढायचं जाहीर केलं. जाणत्यांना प्रश्न पडला, एवढ्या प्रती काढायला ती मूळ टेप किती वेळा वाजवणार? चाळीस वर्षांची टेप एवढी घासायला देईल कोण? फीनिक्स शहरातल्या माइक एस्पोझिटो या तबकड्यांच्या दुकानदारानं डिजिटलचा संशय उघड बोलून दाखवला, आणि कंपनीच्या इंजिनिअरांनी त्याच्यासमोर सरळ कबूल केलं की मधे डिजिटल प्रत असते. तीही आज-कालची नाही, २०११ पासून कितीतरी तबकड्यांमध्ये.

म्हणजे दहा वर्षं हे लोक डिजिटल ऐकत होते आणि ‘वा, काय मूळ टेपचा गोडवा!’ म्हणून माना डोलवत होते. दोन सेकंदांत ओळखणाऱ्यांना पत्ताच लागला नाही. गोष्ट कोर्टात गेली, अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. गंमत अशी की तबकड्या उत्तम होत्या. कानांची काहीच तक्रार नव्हती. खोटं बाहेर काढणारा मात्र कुणी थोर समीक्षक नव्हता, गल्ल्यावर बसणारा दुकानदार होता, हे मला फार आवडतं. समीक्षकाला यंत्र कंपनीकडून महिनोन्महिने वापरायला मिळतं, नंतर हवं असेल तर सवलतीत घरी ठेवता येतं. अशा माणसाच्या कानाला ‘पडदा बाजूला झाल्यासारखं’ वाटलं नाही तरच नवल.

त्याआधी २०१० मध्ये लेक्सिकॉन या कंपनीचं एक प्रकरण झालं. साडेतीन हजार डॉलरचा ब्लू-रे प्लेअर उघडला, तर आत ओप्पो कंपनीचा पाचशे डॉलरचा प्लेअर पत्र्यासकट जसाच्या तसा बसवलेला. तीन हजार डॉलर बाहेरच्या खोक्याचे. खोका मात्र जड होता, तेवढं मान्य करायला हवं.

ही लबाडी पकडायला यंत्र लागत नाही. स्वस्त आणि महाग, दोन्ही अ‍ॅम्पवर चादर टाका, आवाज दोघांचा अगदी सारखा ठेवा आणि तारा बदलणारा माणूस नजरेआड बसवा. आवाज सारखा ठेवणं महत्त्वाचं. किंचित मोठं वाजणारं यंत्र माणसाला नेहमी ‘जास्त चांगलं’ वाटतं, आणि दुकानात महागडं यंत्र चुकून जरा मोठंच वाजतं. मायर आणि मोरन या दोघांनी २००७ साली अशीच परीक्षा घेतली होती. भारी दर्जाची डिजिटल तबकडी आणि साध्या सीडीच्या दर्जाला उतरवलेला तोच आवाज. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते. पण चादरीचं नाव काढलं की शौकीन म्हणतात, “अशा ताणात ऐकू येत नाही हो.” लाखाचं यंत्र, आणि ते चादरीला घाबरतं!

खरे कान बघायचे तर आपल्याच जिल्ह्यात आहेत. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावच्या शंकरबापूंनी पखवाजावर पद्मश्री मिळवली. सप्ताहाच्या कीर्तनात जाऊन बसा. पखवाज्यानं डाव्या पुडीला लावलेली कणीक जरा कमी-जास्त झाली, वाळली, तर मागं सतरंजीवर बसलेला, मफलर गुंडाळलेला म्हातारा मान वर करतो. त्याला ‘हवा’, ‘ऊब’ हे शब्द माहीत नाहीत. तो म्हणतो, “खाली बोलंना तो.” आणि पखवाज्या गुपचूप कणीक सारखी करतो. इथं कुणाला काही विकायचं नसतं, म्हणून कान खरं बोलतात. दुर्दैवानं हल्ली त्याच कीर्तनाला एको लावलेला माइक असतो, तेव्हा म्हाताऱ्यालाही आता काही ऐकू येत नाही. साउंडवाला म्हणतो, दहा हजार वॉट लावलेत.

या धंद्यात खोटं टिकतं ते घेणाऱ्याच्या जिवावर. पन्नास हजारांची तार घेतलेला माणूस चादरीच्या परीक्षेला बसायला कधीच तयार होणार नाही. तो उलट चार मित्रांना ती घ्यायला लावील, म्हणजे फसलेले पाच होतील आणि पाच जणांचं मत झालं की ते शास्त्र. वरातीतही तेच. मुलाच्या लग्नाला छाती हलली नाही, असं कबूल करणारा बाप मी अजून पाहिला नाही.

तेव्हा या दिवाळीत एवढं करा. दुकानदाराला म्हणा, पक्कं बिल दे, त्यावर वॉट लिही आणि पुढं ‘आरएमएस’ लिही. तार विकणाऱ्याला म्हणा, घरी चादर टाकून ऐकतो, फरक कळला नाही तर परत घेशील हे लिहून दे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बीडला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीत तक्रारीला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. फक्त हातात बिल पाहिजे. लिहून द्यायला जो कां-कूं करील, त्याच्या दुकानात तो खोका दिवे लुकलुकवत तिथंच राहू द्या.