बारा आणे फरक

भाची होमिओपॅथीत एम.डी. करते. प्रबंधाचा विषय सर्दी. "मामा, तुम्ही गणिताचे शिक्षक. औंढा नागनाथातले फॉर्म तुम्हीच भरून आणा," म्हणाली. मी निवृत्त, आणि स्तुतीला कच्चा.

गोळ्या घेतलेल्यांचा त्रास शून्य ते दहा अंकांत लिहायचा होता. बाजारात एका काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "फरक हाय की गुरुजी, रुपयात बारा आणे." मी चटकन त्रैराशिक मांडून साडेसात लिहिले. पुढचे सगळे आणेही तसेच उरकले. रात्री कळलं, रकाना उरलेल्या त्रासाचा होता. म्हणजे माझ्या वहीत जो जितका बरा, तो तितका बेजार! नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरल्याची आख्यायिका सांगणाऱ्या गावात मी फक्त आकडे फिरवले.

तुलनेला नुसत्या साखरेच्या गोळ्यांचाही गट होता. कोणाला काय मिळालं हे कोणालाच कळू द्यायचं नाही, असं मी ऐटीत समजावलं. "मंग तुम्हाला तरी काय कळणार?" एका आजोबांनी विचारलं. माझ्याकडे ठेवलेल्या दोन्ही बाटल्या तोवर नातवाने फस्त केल्या होत्या. सर्दी त्यालाही होती. गेली.

दुसऱ्या फेरीला निम्मे लोक भेटलेच नाहीत. त्यांना मी 'पूर्ण बरे' धरलं. त्रास असता तर आले नसते का? भाचीच्या सांख्यिकीच्या सरांनी शांतपणे विचारलं, "आणि कंटाळून दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असतील तर?"

खरं तर धडा जवळच होता. आमच्याच तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो उभं राहतंय. २०२३ साली केंद्राने त्याला २,६०० कोटी मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोला २०१५ साली पहिली गुरुत्वीय लहर सापडली, तेव्हा शास्त्रज्ञांनी आधी हिशेब केला, की नुसत्या गोंगाटातून असा संकेत दोन लाख वर्षांत एकदाही उमटणं कठीण. मगच तोंड उघडलं. सर्दी आठवड्याभरात आपली आपण जाते, हा माझ्या वहीतला गोंगाट. तो वजा केल्यावर काही उरतं का, हे मी पाहिलंच नव्हतं. जाणत्यांनी पाहिलंय. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये होमिओपॅथीच्या ११० चाचण्यांचा आढावा आला. मोठ्या आणि काटेकोर चाचण्या तेवढ्या घेतल्या, तर साखरेच्या गोळीपेक्षा फारसं काही उरलं नाही.

भाचीने माझे फॉर्म रद्दीत घातले, ते योग्यच केलं. कोणी "शंभरातले ऐंशी बरे झाले" असं सांगत आलं, तर एवढंच विचारा: औषध न घेणाऱ्यांपैकी किती बरे झाले?