मराठा सुतार, मुक्काम लश्कर

मराठा म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे घोडा, भाला आणि पिळदार मिशी उभी राहते, त्यांनी मराठा सुतार हा पक्षी पाहायला निघण्याआधी मनाची थोडी तयारी करावी. बुलबुलापेक्षाही जरा लहान, जेमतेम १७-१८ सेंटिमीटरचा जीव. काळपट तपकिरी पाठीवर पांढरे ठिपके, छातीवर मळकट रेघा, आणि पोटावर, सहसा कुणाला दिसू नये अशा जागी, एक लाल डाग. डोक्यापुरती मात्र नराने हौस केलेली असते. कपाळ पिवळसर आणि मागची बाजू लालभडक. पगडी बांधता बांधता पिवळं कापड संपलं म्हणून लाल तुकडा जोडून वेळ मारून न्यावी, तसं. मादीला तो तुकडाही मिळालेला नाही, आणि तिचं त्यावाचून काही अडलेलंही दिसत नाही.

१८०१ साली जॉन लॅथम नावाच्या इंग्रज वैद्याने या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात मराठ्यांना कायमचं बसवलं. मुहूर्त मोठा नाजूक होता. दोनच वर्षांत असईची लढाई झाली, सुर्जी अंजनगावचा तह झाला, आणि दौलतराव शिंद्यांच्या हातून मुलूखच्या मुलूख निसटले. पाखराचा मुलूख मात्र कुणी तहात मागितला नाही. तो आजही पाकिस्तानापासून थेट व्हिएतनामपर्यंत पसरलेला आहे, म्हणजे जिथे कुठल्याही पेशव्याची चौथाई कधी पोचली नाही, तिथवर. इकडे मुलूख गमावलेल्या दौलतरावांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. तळच तो, कधीतरी हलायचा. पण तंबूंच्या जागी वाडे उठले, वाड्यांत गणपती बसू लागले, आणि छावणीचं लश्कर हे नाव सबंध शहराला चिकटलं. निघायचं राहून गेलं की गाव वसतं, असं लश्करच्या गल्ल्यांतून हिंडताना वाटत राहतं.

या सुताराची राहणी मात्र विरळ झाडीतली. दाट अरण्य त्याला मानवत नाही. बाभळी, पळस, करवंदीच्या जाळ्या, मधूनमधून गवत आणि शेताच्या बांधावरचं एखादं एकटं झाड, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. आणि ग्वाल्हेरभोवतीच्या कोरड्या मुलखात नेमकं हेच मुबलक आहे. शहराबाहेर घाटीगावला सोनचिरैयाच्या नावाचं अभयारण्य आहे. सोनचिरैया म्हणजे आपला माळढोक. तो तिथे कित्येक वर्षांत दिसलेला नाही. ज्याच्यासाठी फलक, हद्दी आणि कायदे झाले तो राजेशाही पक्षी निघून गेला, आणि ज्याला कुणी आमंत्रण दिलं नाही तो चिमुकला सुतार बाभळीच्या खोडावर झटक्याझटक्याने चढत, सालीखालच्या अळ्या आणि मुंग्या टिपत बसला आहे. संस्थानं गेल्यावर सरदारांपेक्षा कारकुनांची घरं जास्त टिकली, त्यातलाच हा प्रकार असावा.

लश्करमधल्या आमच्या आत्याच्या परसात एक म्हातारा कडुनिंब आहे. त्याच्या एका वाळक्या फांदीला, खालच्या अंगाला, या जोडप्याने वाटोळं भोक कोरलं होतं; पाऊस आत शिरू नये एवढं स्थापत्य त्यांना उपजत कळतं. "आत्या, हा मराठा सुतार," मी कौतुकाने सांगितलं. आत्याचं सगळं आयुष्य ग्वाल्हेरात गेलेलं, पुणं तिने लग्नकार्यापुरतं पाहिलेलं. तिने चष्मा वर केला आणि विचारलं, "असं? देशावर कुठलं रे गाव याचं?" पिढ्यान् पिढ्या हिंदी मुलखात काढलेल्या घरातल्या माणसाला हा प्रश्न पहिल्यांदा सुचतो, यात हसण्यासारखं खूप आहे, पण मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "इथलाच आहे गं." ती जरा हिरमुसली, मग खुशही झाली.

ती वाळकी फांदी तोडायला माणूस सांगून ठेवलेला होता. वाळकं लाकूड आपल्याला अडगळ वाटतं, सुताराला मात्र तेच घर. आत्याने माणसाला परत पाठवलं. शेजारच्या काकूंनी कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे बिचाऱ्याला. वाड्यातले बाकीचे भाडेकरू तरी कुठे भाडं देतात? हा निदान नळाला पाणी आलं नाही म्हणून भांडत नाही."