परातीतलं नशीब

ऑगस्ट १८९६ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या ओढ्यात सोनं सापडलं आणि लाखभर माणसं, कामधंदा सोडून, त्या बर्फाकडे धावली. सरहद्दीवरचे पोलीस वर्षभराचा शिधा दाखवल्याशिवाय आत सोडत नसत. म्हणजे जवळपास टनभर ओझं, खेपा घालत, चिल्कूट खिंडीवर चढवायचं. पोचले तीस-चाळीस हजार. तोवर चांगले ओढे आधीच्यांनी अडवलेले! उरलेल्यांनी गोठलेली जमीन शेकोट्या पेटवून वितळवायची, रेती पाण्यात घोळवायची आणि तळाशी चमकलं ते अभ्रक नसावं म्हणून देव पाण्यात ठेवायचे. (पाणीही गोठलेलंच.) फ्रेडरिक ट्रम्प नावाच्या मूळच्या न्हाव्याने मात्र रेती न घोळवता या भुकेल्यांच्या वाटेवर खाणावळ काढली. १९०१ मध्ये तो गाठीला पैसा बांधून जर्मनीला परतला. नातू बातम्यांत असतो.