धुता येणारं तोरण

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दादरच्या फुलबाजारात झेंडूचा भाव विचारा; फुलवाला आपल्याकडे न बघताच सांगतो. घेतल्याशिवाय जाणार नाही, हे त्याला ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच झेंडू रस्त्याकडेला ढिगाने पडलेला असतो आणि गाई तो फुकटात खातात.

घरी दाभण, दोरा आणि आंब्याची पानं. पानं सोसायटीच्या झाडाची, म्हणजे रात्री दहानंतर तोडलेली. पान देठाशी दुमडून ओवायचं, मध्ये एक केशरी फूल, एक पिवळं. कोकणात यात शेतातली भाताची लोंबी आणि कुरडूही असतो. आम्ही लोंबीसुद्धा विकत घेतो, चार काड्यांची जुडी. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, पण हे काकांसमोर बोलू नये. सणाच्या दिवशी वाद नको.

समोरच्यांनी यंदा प्लास्टिकचं तोरण लावलंय. ‘धुता येतं हो,’ वहिनी म्हणाल्या. आमचं चौथ्या दिवशी वाळलं. ते काढायचं कोणी, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही. दिवाळीला त्याच्यावरच आकाशकंदिलाची वायर गुंडाळली.