एक वायर काढून दाखव

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की टेबलांवर काय मांडलेलं असणार, हे आधीच सांगता येतं. हात जवळ नेला की झाकण उघडणारी कचरापेटी. अंधार पडला की पेटणारे रस्त्यावरचे दिवे. अडथळा आला की आवाज करणारी, अंधांसाठीची काठी. आणि स्वयंचलित सिंचन, थर्मोकोलवरच्या हिरव्या शेतासकट. सगळं चालतं. पहिल्याच झटक्यात चालतं आणि तेच मला खटकतं.

टेबलामागच्या मुलाला एवढंच विचारा : "बाळ, ही पिवळी वायर काढली तर काय होईल?" मूल आधी सरांकडे बघतं, मग मागे उभ्या असलेल्या पप्पांकडे. तक्त्यावरचा मजकूर त्याला तोंडपाठ असतो, वायरीबद्दल मात्र त्यात काहीच नसतं. कारण संच बाजारातून जोडून आलेला असतो, प्रोग्रॅम आधीच चढवलेला असतो, तक्ताही छापून मिळालेला असतो. परिपत्रक उशिरा येतं, प्रदर्शन आठवड्यावर असतं, शाळेला नाव हवं असतं, पालकांना प्रमाणपत्र हवं असतं. मुलाने कुणाला फसवलेलं नाही. त्याचंच काहीतरी लुबाडलं गेलंय.

काय लुबाडलं गेलं ते सांगतो. तेच सिंचन घ्या, पण शून्यापासून.

दोन लोखंडी खिळे कुंडीतल्या मातीत थोड्या अंतरावर खोचायचे. ओल्या मातीतून वीज सहज जाते, कोरड्या मातीतून जेमतेम. सोबत १० किलोओहमचा एक रेझिस्टर जोडला की आर्डुइनो उनो हा बोर्ड तो फरक ० ते १०२३ अशा आकड्यांत दाखवतो. १०२३च का? बोर्डातला मोजणारा भाग १० बिटांचा आहे आणि २चा दहावा घात १०२४ होतो. शून्यापासून मोजलं की शेवटचा आकडा १०२३. घातांकांचा धडा कशासाठी होता, हा प्रश्न त्या दिवसापासून मूल विचारत नाही.

आता कितव्या आकड्याला माती कोरडी म्हणायची? तयार प्रोग्रॅममध्ये कुणीतरी एक आकडा घालून ठेवलेला असतो. स्वतः करणाऱ्या मुलाला तो शोधावा लागतो. सकाळ-संध्याकाळ बोटाने माती चाचपायची, आकडा वहीत लिहायचा. काळ्या मातीचा वेगळा येतो, कोकणातल्या लाल मातीचा वेगळा. आपल्या कुंडीचा आकडा आपणच ठरवायचा असतो, हे पहिल्यांदा कळतं.

मग पंप. मूल तो थेट बोर्डाच्या पिनला जोडतं आणि पंप हलत नाही. एक पिन साधारण २० मिलिअँपिअर सुखाने देते, छोट्या मोटरलाही त्याच्या कितीतरी पट करंट लागतो. तिथे ट्रान्झिस्टर कशासाठी असतो ते कळतं : थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडायचा किंवा अडवायचा. मोटर बंद होताना उलटा झटका मारते, म्हणून तिच्या दोन टोकांमध्ये डायोड लावायचा. पुस्तकात पाठ केलेल्या चिन्हांना इथे काम मिळतं.

पंप चालू झाला की तो थरथरायला लागतो. आकडा ठरवलेल्या सीमेवर रेंगाळतो आणि पंप चालू, बंद, चालू, बंद. यावर उपाय म्हणजे दोन सीमा ठेवायच्या, सुरू व्हायची एक आणि थांबायची दुसरी. घरातल्या फ्रिजचा थर्मोस्टॅट नेमकं हेच करतो. बारा वर्षांच्या मुलीला हे स्वतःहून सुचलं तर तिला नियंत्रणशास्त्रातली एक मूलभूत गोष्ट सापडलेली असते. आणि तिला ती सुचू शकते.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा घोळ. काही दिवसांनी आकडे बिघडतात. माती चिंब असते आणि बोर्ड सांगत असतो की ती कोरडी आहे. मूल वायरी तपासतं, प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचतं, काही सापडत नाही. शेवटी खिळे उपटून बघतं. एक खिळा कुरतडल्यासारखा झिजलेला, दुसरा जवळपास धड. झिजलेला खिळा धन टोकाला जोडलेला होता. ओल्या मातीतून सतत वीज वाहत राहिली आणि त्या टोकाचं लोखंड विरघळत गेलं. रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं विद्युत अपघटन कुंडीत चालू होतं. यावर उपाय प्रोग्रॅममध्ये आहे, फक्त दोन-तीन ओळींचा. खिळ्यांना कायमची वीज द्यायचीच नाही. एका पिनमधून क्षणभर द्यायची, आकडा वाचायचा, लगेच बंद करायची. तासाभराने पुन्हा. कुंडी काही मिनिटागणिक वाळत नाही.

एका खिळ्यात वीज, रसायन आणि प्रोग्रॅमिंग. विकतच्या संचाच्या वाट्याला हा खिळा कधी येतच नाही, कारण तो झिजण्याआधीच प्रदर्शन संपलेलं असतं.

परीक्षकांनो, तुमच्या हातातला तो गुणांचा तक्ता काढा. 'सादरीकरण' आणि 'समाजोपयोगिता' यांना जितके गुण देता, तितके बिघाडांच्या वहीला द्या. काय चाललं नाही, कारण काय वाटलं, खरं कारण काय निघालं. टेबलापाशी गेल्यावर मुलाला एक वायर काढायला सांगा आणि परत लावायला सांगा. दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तर पाच वेळा लुकलुकवून दाखव म्हणा. ज्याने प्रोग्रॅम स्वतः लिहिलाय त्याला ५००च्या जागी १०० करायला मिनिटही लागत नाही. आणि गटात मुलगी असेल तर सोल्डरिंग कुणी केलं ते तिला विचारा. तक्ता रंगवायचं काम तिच्याकडे आणि गन मुलाच्या हातात, हे अजूनही सर्रास दिसतं.

हे महाराष्ट्रात जमणार नाही असं कुणी सांगू नये. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' हा विषय तिथूनच शाळांमध्ये गेला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम : वेल्डिंग, शेती, वायरिंग, स्वयंपाक, आरोग्य. मुलं गावातल्या लोकांची खरी कामं करतात. केलेलं वायरिंग बिघडलं तर ज्याच्या घरी केलं तो सांगत येतो, आणि त्याच्याइतका चोख परीक्षक कुठल्या प्रदर्शनात भेटणार? अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेर फॅब लॅब, म्हणजे वस्तू स्वतः बनवायची कार्यशाळा, उभी करायचं ठरवलं तेव्हा अगदी सुरुवातीच्या ठिकाणांत हे पाबळ होतं, २००२मध्ये.

पैसाही आता आहे. २०१६पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा आणखी ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. पण मी पाहिलेल्या काही शाळांमध्ये ही लॅब म्हणजे एक कुलूपबंद कपाट आहे. बोर्ड अजून प्लास्टिकच्या पिशवीत. याबद्दल शिक्षकांवर खेकसण्यात अर्थ नाही. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहित्या, दोन तुकड्यांचा अभ्यासक्रम हे सगळं करून ते उभे असतात आणि वर असते डेडस्टॉक रजिस्टरची भीती. प्रत्येक बोर्ड त्यात चढवलेला असतो. एखादा जळला तर तपासणीत उत्तर शिक्षकाला द्यावं लागतं. मग शहाणा माणूस कुलूप लावतो.

ब्रिटनने २०१६मध्ये मायक्रोबिट नावाचा छोटा बोर्ड अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना वाटला तेव्हा तो शाळेला दिला नव्हता, मुलाला दिला होता. घरी न्यायला आणि कायमचा ठेवायला.

आपल्याला एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आर्डुइनोची साधी प्रत पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळते. प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली तर ती उपभोग्य साहित्यात खर्ची पडते, बाईंना कुणी नोटीस देत नाही. बोर्ड, सेन्सर, मोटरी त्याच खात्यात टाका. शिक्षण विभागाने एका पानाचं परिपत्रक काढलं की काम झालं : एवढ्या किमतीखालचं इलेक्ट्रॉनिक साहित्य उपभोग्य समजावं, जळालेल्याची नोंद पुरे, वसुली नाही. आणि ते दिवाळीच्या सुट्टीआधी काढा. म्हणजे मुलांना बोर्ड घरी नेता येईल आणि खिळे झिजायला पुरेसे दिवस मिळतील.