श्री. कायदेमान्य वेडे यांना अनावृत पत्र

प्रति,
श्री. कायदेमान्य वेडे,
पूर्वीचा पत्ता : कलम ८४, भारतीय दंड संहिता.
सध्याचा पत्ता : कलम २२, भारतीय न्याय संहिता.

सा. न. वि. वि.

१ जुलै २०२४ रोजी आपलं बिऱ्हाड हललं, त्याबद्दल अभिनंदन. १८६२ च्या जानेवारीत दंड संहिता लागू झाली तेव्हापासून आपण एकाच खोलीत राहत होता. नव्या घराच्या भिंतींना नवा रंग लागेल, एखादी खिडकी जास्त मिळेल, अशी पुष्कळांची आशा होती. पण सामान जसंच्या तसं टेम्पोत भरून आणलेलं दिसतं. कृत्य करतेवेळी मन ठिकाणावर नसल्यामुळे ज्याला आपण काय करतो आहोत हे कळत नव्हतं, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे कळत नव्हतं, त्याचा गुन्हा हा गुन्हा नव्हे. एवढं एक वाक्य, आणि त्या वाक्यातले एकटे आपण.

आपल्याला समक्ष पाहिलेली माणसं थोडी. तरी सत्र न्यायालयात आपली ओळख सगळ्यांना आहे, कारण पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मनोरुग्णाला आधी आपल्या शेजारी उभं करून मापलं जातं. डॉक्टरांचं वेड निराळं आणि कायद्याचं वेड निराळं, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा बजावलं आहे. स्किझोफ्रेनिया असणं, कानात आवाज येणं, वर्षानुवर्षं गोळ्या चालू असणं हा डॉक्टरांचा प्रांत. न्यायालयाला हवं असतं ते आपलं वेड, आणि ते वक्तशीर असतं. नेमकं कृत्याच्या क्षणी ते हजर होतं. आदल्या दिवशी आपण दुकानात बसून हिशोब केलात की संशय आला. नंतर हत्यार लपवलंत की संपलंच. झारखंडमधल्या एका औषध दुकानदाराने भ्रमाच्या आजाराची कागदपत्रं दाखवली होती; पण दुकान चालवणारा आणि गोळी झाडल्यावर पिस्तूल विहिरीत टाकणारा माणूस आपल्या मापाचा नाही, असं २०११ मध्ये ठरलं.

मग पळून न जाणारा तरी आपल्या मापाचा असेल ना? तसंही नाही. महाराष्ट्रातल्याच एका जुन्या खटल्यात बायको-मुलाला मारून एक जण जागेवरच राहिला, कारणही काही सापडेना. नुसता हेतू सापडत नाही आणि माणूस पळाला नाही, एवढ्यावरून कोणी वेडा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये सांगितलं. म्हणजे पळाला तर शहाणा, आणि न पळाला तरी वेडा असेलच असं नाही. ही कसरत आपल्यालाच जमते.

आपल्या अगदी जवळ पोहोचलेला एक जण मात्र सापडतो. मध्य प्रदेशातल्या एका माणसाने दुसऱ्याच्या जागेतल्या गवताला दिवसाढवळ्या आग लावली. पकडून विचारलं तर म्हणाला, हो, मीच जाळलं, काय करायचं ते करा. त्याला सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. असा कबुलीचा बाणेदारपणा सगळ्या रुग्णांच्या अंगी कुठून असणार?

आपलं घराणं मूळचं लंडनचं. १८४३ च्या जानेवारीत डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. टोरी पक्षाचे लोक आपला पाठलाग करतात, आपल्याला जगू देत नाहीत, अशी त्याची ठाम समजूत होती. पाच दिवसांनी ड्रमंड गेले. डॉक्टरांच्या साक्षी ऐकून ज्यूरीने मॅक्नॉटनला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं, आणि इंग्लंडभर गदारोळ झाला. राणी व्हिक्टोरिया तर फारच नाराज होती. तिच्यावरही तीन वर्षांपूर्वी एकाने पिस्तूल रोखलं होतं आणि तोही याच वाटेने फाशीतून सुटला होता. मग उमराव सभेने न्यायाधीशांना बोलावून प्रश्न विचारले आणि त्यांच्या उत्तरांतल्या नियमांतून आपला जन्म झाला. त्याच नियमांच्या मापाने खुद्द मॅक्नॉटन सुटला असता का, यावर कायद्याचे पंडित अजून वाद घालतात. मापाला नाव मिळालं त्याचं, पण तो स्वतः त्यात बसला असता याची खात्री कोणी देत नाही. उरलेलं आयुष्य त्याने आधी बेडलम आणि मग ब्रॉडमूर या वेड्यांच्या कोंडवाड्यांत काढलं, आणि १८६५ मध्ये तिथेच गेला.

आपल्या जागेसाठी मुंबईतून आलेला सर्वांत गाजलेला उमेदवार म्हणजे रमण राघव. १९६८ च्या पावसाळ्यात उत्तर मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांच्या डोक्यात रात्री कोणीतरी लोखंडी हत्याराने वार करत होतं. लोक उकाड्यातही दारं लावून झोपू लागले. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या हाताखालच्या तपासात ऑगस्टमध्ये तो सापडला. दोन दिवस तोंड उघडेना. काय हवं असं विचारल्यावर त्याने कोंबडीचं जेवण मागितलं, मग डोक्याला तेल, कंगवा, आरसा. तेल लावून, भांग पाडून, आरशात पाहून झाल्यावर तो बोलू लागला, आणि मग थांबेना. खुनांच्या जागा त्याने स्वतः पोलिसांना नेऊन दाखवल्या.

खटल्यात एका बाजूला पोलीस सर्जन. त्याला काही मनोविकार नाही, असा त्यांचा अभिप्राय. दुसऱ्या बाजूला बचाव पक्षाचे मानसोपचारतज्ज्ञ. हा जुना पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे, आपण मारतो आहोत हे याला कळतं, पण ते चूक आहे हे कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्या कलमाचा दुसरा भाग त्यांनी जवळपास शब्दशः न्यायालयापुढे मांडला होता. सत्र न्यायालयाने फाशी दिली. रमण राघवने अपील करायला नकार दिला.

फाशी कायम करण्याआधी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. त्यांनी त्याच्याशी पाच बैठकांत दोन-दोन तास बोलणी केली. देशात अकबराचं, इंग्रजांचं आणि काँग्रेसचं अशी तीन सरकारं चालू आहेत, असं तो सांगत होता. लोक आपल्याला बाई बनवायचा डाव रचताहेत, पण आपण एकशे एक टक्के पुरुष आहोत, हे तो पुन्हा पुन्हा सांगे. आणि जग दोन आहेत: एक हे आपलं, दुसरं कानूनचं. शेवटच्या बैठकीनंतर निरोप घेताना डॉक्टरांनी हात पुढे केला. त्याने तो हातात घेतला नाही. आपण कानूनचे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पत्रलेखकाच्या मते देशातल्या कायद्याशी इतकी एकनिष्ठा क्वचितच कोणी दाखवली असेल.

मंडळाने निदान कायम केलं आणि आजार बरा होण्याजोगा नाही असं कळवलं. फाशी रद्द झाली, जन्मठेप झाली. निर्दोष मात्र तो कधीच ठरला नाही, कारण तो आजारी होता, आपण नव्हता. येरवड्याच्या तुरुंगात राहून १९९५ मध्ये ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो गेला. पुण्यात कोणी "याला येरवड्याला पाठवा" म्हणालं, तर म्हणणाऱ्याच्या मनात कारागृह आहे की मनोरुग्णालय, हे प्रसंग पाहून ओळखावं लागतं. दोन्ही त्याच उपनगरात आहेत. नगररचनाकारांना जे कळलं ते संहितेला अजून कळायचं आहे.

परीक्षा पास झालेलाही महाराष्ट्रातच सापडतो, आणि तो पोलीस शिपाई होता. १९९४ मध्ये पोलीस वसाहतीतल्या घरी त्याने वाटणाच्या दगडाने बायकोचा जीव घेतला. भांडण नोकरीवरून: त्याला राजीनामा द्यायचा होता, तिला ते पसंत नव्हतं. सत्र न्यायालयाने दोषी ठरवलं, उच्च न्यायालयाने तेच कायम केलं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. निकालात कारणांची यादी आहे: वडिलांनाही मानसिक आजार, १९९२ पासून स्वतःवर उपचार, निदान पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, घटनेनंतरच्या जून ते डिसेंबरमध्ये उपचारांसाठी २५ वेळा दवाखान्यात नेलेलं, हेतू क्षुल्लक, आणि तो लपला नाही की पळाला नाही. १९७२ मध्ये जी गोष्ट अपुरी पडली होती, तीच इतर कागदांच्या सोबतीने उपयोगी पडली. इथे सगळं वजन कागदांचं आहे.

पुराव्याचा कायदा असं धरून चालतो की आरोपी शहाणा आहे. वेडा असेल तर त्याने दाखवावं. १९६४ मध्ये गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ओझं थोडं हलकं केलं. संशयाला जागाच उरू नये इतकं सिद्ध करायला नको, शक्यतेचं पारडं झुकलं तरी पुरे. पण पारड्यात टाकायला काहीतरी हवं ना. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या पाहणीनुसार निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. लाख लोकांमागे आपल्याकडे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरत नाही. मग घरचे नेतात ते देवऋष्याकडे, नाहीतर एखाद्या देवाच्या ठाण्यावर. पोरगा रात्रभर भिंतीशी बोलतो म्हणून आई त्याच्या उशाशी अंगारा ठेवते, दंडाला ताईत बांधते. अंगाऱ्याची पावती मिळत नाही. चार वर्षांनी त्याच्या हातून काही विपरीत घडलं की उलटतपासणीत तिला विचारतात, कुठल्या डॉक्टरला दाखवलं होतं, चिठ्ठी कुठे आहे? चिठ्ठी नाही म्हटलं की आजार नाही. आपली फाईल मात्र कायम भरलेली असते, तारीखवार, सहीशिक्क्यानिशी. आपल्या ओळखीचे डॉक्टर गावोगावी असावेत.

बरं, कोणी वेडा ठरलाच, तर त्याचं काय होतं? तो सुटतो, अशी सिनेमांनी समजूत करून दिली आहे. दंड प्रक्रिया संहितेत अशा निर्दोष माणसाला सुरक्षित ताब्यात ठेवायची तरतूद होती, आणि ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आली आहे. ज्याला खटलाच समजत नाही त्याचा खटला थांबतो, बरा होईपर्यंत. हा थांबा कसा असू शकतो, याचं उदाहरण आसाममध्ये आहे. सिलसांग गावच्या एका तरुणाला १९५१ मध्ये जबर दुखापतीच्या आरोपाखाली पकडलं आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडलं. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो बरा आहे असं लिहून दिलं. त्यानंतर त्याला घरी न पाठवता गुवाहाटीच्या तुरुंगात पाठवलं. तो बाहेर आला २००५ मध्ये, ७७ व्या वर्षी, ५४ वर्षांनी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. न्यायव्यवस्थेने एवढी काळजी घेतलीच: जामिनाशिवाय सोडलं नाही.

तो एकटा नव्हता. तेव्हा बिहारमध्ये असलेल्या हजारीबागच्या तुरुंगात असे कैदी होते की ज्यांना बरे झाल्याचे दाखले मिळाले होते, तरी ते वीस-वीस, तीस-तीस वर्षं आतच. त्यांच्या बाबतीत १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालय हललं ते एका पत्रामुळे. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या स्थानिक समितीने न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिलं होतं. तेव्हा पत्रं अगदीच वाया जातात असं नाही, म्हणून हाही प्रपंच.

दुसऱ्या एका कायद्याचीही आपल्याला ओळख करून द्यायला हवी. आपण त्याला भेटलेले दिसत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं तो गृहीत धरतो. प्रत्येक राज्याने किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मनोरुग्णांसाठी उपचारकेंद्र उघडावं, असंही तो म्हणतो. देशातल्या दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी आहेत. त्यांतला कोण भिंतीशी बोलतो हे पाहायला आधी कोणीतरी बराकीत जावं लागेल. हा कायदा आणि आपण, दोघे एकाच देशात राहता. एक म्हणतो आजारी माणसाला प्रतिष्ठेने वागवा. दुसरे, म्हणजे आपण, म्हणता आधी घड्याळ पाहू.

आता फासाच्या टोकाची गंमत. २०२१ मध्ये 'प्रोजेक्ट ३९ ए' या संशोधकांच्या गटाने फाशीची शिक्षा झालेल्या ८८ कैद्यांशी बोलून अहवाल काढला. त्यात ६२.२ टक्क्यांना मानसिक आजार आढळला आणि ११ टक्क्यांना बौद्धिक अक्षमता. त्याआधी, २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मनोरुग्णाला फाशी देऊ नये हे मान्य केलं होतं. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याची फाशी त्याच कारणाने रद्द झाली. निकालात त्याचं नाव नाही, तो फक्त 'आरोपी एक्स' आहे. फाशीच्या छायेत त्याची सुमारे १७ वर्षं गेली होती. शिक्षेनंतर जडलेला गंभीर आजारही फाशी टाळण्याचं कारण ठरू शकतो, हे त्या निकालाने प्रस्थापित केलं. कसोटी अशी की आपल्याला शिक्षा का होते आहे हे त्या माणसाला समजेनासं झालेलं असावं.

नीट जुळवून पाहा. गुन्हा करताना कळलं तर दोषी. आणि दोषी ठरल्यावर फासावर चढवायचं तर ते कळायलाच हवं. कळत नसेल तर थांबा. मरणाऱ्याच्या आकलनाची चौकशी इतक्या आस्थेने होते. वार करणाऱ्याच्या आकलनाची चौकशी तेवढ्याच आस्थेने, पहिल्या आठवड्यात, अटकेनंतर लगेच, एखाद्या सरकारी मानसोपचारतज्ज्ञाकडून का होत नाही, हे आपण विचारून सांगाल का? ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात आहेत. आरोपीला तिथवर न्यायला पोलीस गाडी आणि एक अर्ज लागतो. अर्ज बहुधा तेव्हा होतो जेव्हा खटला अर्धा झालेला असतो आणि भास गोळ्यांनी किंवा मारहाणीने शांत झालेले असतात.

तोवर आपल्याकडून एक छोटी मदत हवी आहे. एखाद्या जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचा वकील आजही आरोपीच्या आईला जुनी चिठ्ठी शोधायला सांगत असेल. आपल्या फाईलमधला एखादा जादा कागद असल्यास द्यावा. झेरॉक्स चालेल, फक्त तारीख गुन्ह्याच्या दिवसाचीच असावी, वेळ लिहिलेली असावी, आणि प्रत साक्षांकित करून पाठवावी.

कळावे, लोभ असावा.